जाळीमागचा कागद

थांबाताई. जन्म १९४९, निधन २०१७. क्षयरोगाच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ म्हणून सेवा तेहतीस वर्षे. सेवापुस्तकात त्यांचे नाव रीतसर नोंदलेले आहे. पण ते हजेरीपुरतेच उच्चारले जाई.

टोपणनावाचे कारण असे. थुंकीचे नमुने ज्यात हाताळत ते कॅबिनेट म्हणजे पुढून अर्धी काच असलेले, आतली दूषित हवा बाहेर येऊ न देणारे पोलादी कपाट. पंखा सुरू केल्यावर पाच मिनिटे ताई कोणाला कामाला लागू देत नसत. हात आत घातल्यावर हवा स्थिरावेपर्यंत आणखी एक मिनिट. ‘थांबा’ एवढाच शब्द. हवा आत ओढणाऱ्या समोरच्या जाळीवर कोणी वही टेकवली, की त्या नुसत्या बघत. वही मुकाट्याने उचलली जाई. काम संपल्यावर जंतुनाशकात भिजवलेल्या कागदाने आतली बाजू तीनदा पुसत, आणि तो कागद नेहमी काटेकोर चार घड्यांचा.

“ताई लग्नाच्या दिवशीसुद्धा पाच मिनिटं थांबल्या असतील,” सहकारी तंत्रज्ञ एकदा म्हणाला.

“थांबले होते ना. म्हणूनच राहिलं ते,” ताई म्हणाल्या.

थोरला भाऊ, म्हणजे दादा, आणि भावजय हेच त्यांचे घर. ताईंच्या बावन्नाव्या वर्षी दादांनाच क्षयाने गाठले. दोन महिने औषधे घेऊनही ताप हटेना. कोणते औषध लागू पडेल, ते त्यांच्या थुंकीच्या तपासणीवरून ठरायचे होते.

ज्या सकाळी दादांच्या थुंकीची नळी कामाला घ्यायची, त्याच सकाळी ताईंची नजर काचेच्या कडेला लावलेल्या पातळ कागदी पट्टीवर गेली. हवा आत ओढली जात असली, की पट्टी आत झुकते. आज ती सरळ लोंबत होती.

मुख्य डॉक्टरांनी यंत्रावरचा हवेच्या वेगाचा आकडा पाहिला. “थोडाच कमी आहे हो. एवढ्या बारा नळ्या उरका, मग बंद करा.”

“त्यातली एक माझ्या दादाची आहे, सर.”

“मग तर तुम्हालाच घाई हवी!”

“घाई आहेच. म्हणून तर आज माझा माझ्यावर भरवसा नाही.”

ताईंनी ‘वापरू नये’ अशी पाटी लावली आणि बाराही नळ्या बांधून त्याच दिवशी दुसऱ्या प्रयोगशाळेकडे धाडल्या. तिथे आधीच रांग होती. अहवाल अकरा दिवस उशिरा आला. चालू औषधांपैकी दोन दादांना लागूच पडत नव्हती.

“तेवढं उरकलं असतं तर काय बिघडलं असतं, ताई?” भावजयीने विचारले.

“त्या खोलीत आणखी तिघं काम करतात, वहिनी. त्यांना लागण झाली असती.”

“त्या तिघांना मी ओळखत नाही,” वहिनी म्हणाल्या आणि ताट उचलून आत गेल्या.

मेकॅनिक आला. कॅबिनेट आधी निर्जंतुक करून त्याने पाठची जाळी काढली. आत, पंख्याच्या तोंडाशी, एक वाळलेला कागद चिकटून बसला होता. पुसता पुसता हवेने तो हातातून ओढून नेला असणार. कागदाला चार घड्या होत्या.

सहकाऱ्याने तो चिमट्याने उचलला आणि हळूच म्हणाला, “कचऱ्यात जाऊ दे, ताई. कोण विचारतंय?”

“थांबा,” ताई म्हणाल्या.

त्यांनी नोंदवही ओढली. तारीख, वेळ, बिघाडाचे कारण लिहिले. ‘कोणाच्या हातून’ या रकान्यात स्वतःचे पूर्ण नाव लिहिले आणि खाली सही केली. त्याच संध्याकाळी वहिनींनाही त्यांनी ते सांगितले. वहिनींनी ऐकून घेतले आणि दादांच्या गोळ्या मोजायला घेतल्या.

दादा बरे झाले. पुढे नऊ वर्षे जगले. पण दम लागून जिना चढवेना, म्हणून कुटुंबाला तिसरा मजला सोडून तळमजल्यावर यावे लागले. अकरा दिवसांनी एवढा फरक पडत नाही, असे दादांच्या डॉक्टरांनी ताईंना दोनदा सांगितले. ताईंनी तिसऱ्यांदा विचारले नाही.

त्या नोंदीनंतर प्रयोगशाळेत नियम झाला: पुसण्याचे जेवढे कागद आत जातील, तेवढे दुसऱ्याच्या देखत बाहेर आले पाहिजेत. तो आजही पाळला जातो. वहिनी मात्र शेवटपर्यंत ताईंशी कामापुरतेच बोलल्या. ताईंच्या शेवटच्या आजारात त्यांनीच सगळे केले. त्या अकरा दिवसांचा विषय दोघींपैकी कोणीही काढला नाही.