पाठवणीवाले सर

"साहेब, एक पोट्टं पाठवू का?"

हे वाक्य मी आमच्या एका सरांच्या तोंडून अकरा वर्षं ऐकलं. उजव्या हातात फोन, डाव्या हाताने शर्टाच्या खिशातलं पेन चाचपायचं, आणि पलीकडून 'हॅलो' आलं रे आलं की हे वाक्य. पुढचंही ठरलेलं असायचं. "कामाले कच्चं हाय, पन मनाचं पक्कं हाय. पाहून तं घ्या." मुलगी असली तर 'पोट्टी' म्हणायचे, एवढाच फरक. वर्ध्यातल्या आमच्या कॉलेजात विद्यार्थ्यांना इंटर्नशिप आणि नोकऱ्या मिळवून द्यायचं काम या सरांकडे होतं. मुलांनी त्यांचं नाव 'पाठवणीवाले सर' ठेवलं होतं. पाठवणी करतात ती नवरीची, तरी त्या नावाचा त्यांना राग नव्हता.

एकदा दवाखान्यात दंडाला रक्तदाबाचा पट्टा गुंडाळलेला असताना त्यांनी डॉक्टरांना विचारलं, "तुमच्या काउंटरवर एक पोट्टी पाठवू का?" डॉक्टर म्हणाले, "आधी गप्प बसा, आकडा चढून राह्यला." कॉलेजातल्या एका शिपायाच्या वडिलांच्या तेरवीला आम्ही दोघं गेलो होतो. त्याचा थोरला भाऊ कापसाच्या एका जिनिंगमध्ये मॅनेजर होता. मी सरांना जाताना बजावलं होतं, आज नाही हं. त्यांनी मान डोलावली. जेवण होईपर्यंत शब्द पाळला आणि हात धुताना त्या भावाला गाठलंच. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या भल्या माणसाने मात्र दोन मुलं घेतली.

आता मी कोण, तेही सांगते. मी त्या कॉलेजची ग्रंथपाल. सरांना स्वतःची खोली नव्हती, म्हणून वाचनालयाच्या कोपऱ्यात त्यांना एक टेबल आणि कॉम्प्युटर दिला होता. तिथेच नेमकी 'शांतता राखा' अशी पाटी होती, आणि ते तिच्याखाली उभं राहून बुटीबोरीच्या कारखानदाराशी बुटीबोरीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात बोलत. माझ्या घरी सासूबाई, नवरा, दोन मुलं आणि सदा चालू असलेला टीव्ही. मला शांतता मिळायची ती फक्त वाचनालयात. सरांच्या घरी शांतता उदंड होती. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, घरात ते आणि एकुलती एक मुलगी. त्यांना बोलायला मिळायचं तेही वाचनालयातच. आमची बहुतेक भांडणं या एकाच कारणावरून झाली.

नवा अभ्यासक्रम आला आणि प्रत्येक मुलाला कामाच्या ठिकाणी जाऊन शिकणं सक्तीचं झालं. तेव्हापासून सरांच्या टेबलाभोवती पालकांचीही गर्दी होऊ लागली. आंजीहून आलेल्या एका बाईंनी विचारलं, "सर, हे इंटर्नशिप म्हंजे काय असते जी?"

"लगनाआधी सासर पाहून येनं," सर म्हणाले. "पटलं तं राह्यचं, नाई तं वापस."

बाई पदर तोंडाला लावून हसल्या आणि फॉर्मवर सही करून गेल्या. मी प्राचार्यांच्या तोंडून याच विषयावर तासभर भाषण ऐकलं होतं, मला तेव्हा काही कळलं नव्हतं.

दूर जायला घाबरणाऱ्या मुलांसाठी त्यांचं दुसरं वाक्य होतं. "जाऊन तं पाह्य." मग ते एक चिठ्ठी लिहून द्यायचे. ट्रॅव्हल्स कुठे थांबते, कुठल्या फाटकाने आत जायचं, पहिल्या दिवशी कुणाला भेटायचं, सगळं त्यात असायचं. "वाघोलीले सारे उतरते, तू नोको उतरू. तू पुढं स्टेशनले उतरजो." एकाने विचारलं, "सर, तुमी पुन्यात कधी राह्यले?" सर म्हणाले, "मी? मी तं नागपूरच्या पलीकडं गेलोच नाई." जुन्या विद्यार्थ्यांना फोनवर खोदून खोदून विचारून त्यांनी पुणं पाठ केलं होतं.

पण हे जुने विद्यार्थी हळूहळू त्यांचा फोन उचलेनासे झाले. सरांचा फोन म्हणजे कुणाला तरी कामाला लावून द्यायची विनंती, हे सगळ्यांना माहीत झालं होतं. सर दोन-तीनदा लावायचे, मग फोन टेबलावर पालथा ठेवायचे. "कामात असन," असं म्हणायचे आणि पुढचा नंबर काढायचे. खरं सांगायचं तर रविवारी त्यांचा फोन आला की मीही उचलत नसे.

त्यांची मुलगी आमच्याच कॉलेजात शिकत होती. कॉलेजात ती त्यांना 'सर' म्हणायची आणि फाटकाबाहेर पडल्यावर 'बाबा'. दुपारी ती दोघांचा डबा घेऊन यायची आणि मागच्या पायऱ्यांवर बसून दोघं जेवायची. त्या अर्ध्या तासात सरांचा फोन माझ्या टेबलावर असायचा. प्राचार्यांचा आला तरी उचलायचा नाही, अशी मला ताकीद होती.

या मुलीची इंटर्नशिपची वेळ आली, तेव्हा सरांनी तिला घराजवळच्या पतसंस्थेत लावलं. कॉलेजपासूनही ती पाच मिनिटांवर. मला राहवलं नाही. "वा सर! लोकांची मुलं पुण्याला आणि आपली पतसंस्थेत?"

"तिले धुळीची ॲलर्जी हाय, मॅडम."

"आणि वर्ध्यात काय गुलाबपाणी शिंपडतात?"

ते हसले नाहीत. थट्टा जरा जास्तच झाली, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं.

पुढे जे झालं, त्यात माझा हात आहे. पुण्याच्या एका कंपनीने आमच्या मुलांच्या मुलाखती ऑनलाइन ठेवल्या होत्या. मुलं त्या कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरसमोर एकेक करून बसत होती. हिंगणीच्या एका मुलाची वेळ झाली आणि त्याचा पत्ताच नाही, त्याची एसटी रस्त्यातच बंद पडली होती. सर प्राचार्यांकडे गेले होते. पडद्यावर कंपनीच्या बाई वाट पाहत होत्या. सरांची मुलगी तेवढ्यात पुस्तक परत करायला आली. मी म्हटलं, "बस तू. दहा मिनिटं बोल, नाहीतर तुझ्या बाबांचं नाक कापलं जाईल."

ती बसली. आणि काय बोलली म्हणून सांगू! सरांचं सगळं पुणं तिलाही पाठ होतं, पण त्याहून जास्त, हिशेबाचं सॉफ्टवेअर तिने पतसंस्थेत दोन महिन्यांत पुरतं शिकून घेतलं होतं. पडद्यावरच्या बाई पुढे सरकून बसल्या. शेवटी नेटने दगा दिला. बाईंचे ओठ हलत होते, आवाज येत नव्हता. मुलाखत संपली असं समजून मुलीने हात जोडले. "बरं मॅडम, येते." आणि पडदा बंद केला.

आपल्याकडे निघताना 'जाते' म्हणत नाहीत. ते अशुभ. जायचं असलं तरी 'येते' म्हणायचं आणि समोरच्याने 'ये' म्हणायचं, ही रीत. तिनेही तेवढंच केलं होतं. आम्ही दोघी हसलो, ती घरी गेली.

दुसऱ्या दिवशी कंपनीतून सरांना फोन आला. सर नेहमीसारखे पाटीखाली उभे होते. बोलता बोलता त्यांचा आवाज बसला. "कोन? ... ते?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं, फोनवर हात धरला. "मॅडम, ह्या म्हनून राह्यल्या की एक तारखेपासून येशीन का विचारलं, तं आपली पोरगी येते म्हनली."

मी घाईघाईने सांगितलं, "अहो, आवाजच येत नव्हता. ती निघताना म्हणतात तसं 'येते' म्हणाली. तुम्ही बाईंना तसं सांगा, आणि हवं तर तिला विचारून घ्या. पतसंस्थेतच तर आहे."

सर फोनवर हात धरून तसेच उभे राहिले. एका वाक्याचं काम होतं. त्या बाई मराठी होत्या, त्यांनाही हसू आलं असतं आणि गोष्ट तिथेच मिटली असती.

"विचारलं तं ते माह्या तोंडाकडं पाहीन," सर मला म्हणाले, "अन् नाई म्हनन."

मग त्यांनी हात काढला. "हो मॅडम. बराबर हाय. एक तारखेले येते ते."

फोन ठेवला आणि खुर्चीत बसले. मी पाणी दिलं, ते त्यांनी प्यायलं नाही. त्यांच्या जागी मी असते तर ते वाक्य बोलून मोकळी झाले असते, हे मला तेव्हाही माहीत होतं.

मुलगी संध्याकाळी तणतणत माझ्याकडे आली. "मॅडम, मी तं निंगते म्हनून येते म्हनलं. तुमी सांगा न बाबाले. ते म्हनते, शब्द गेला आता, कॉलेजचा शब्द हाय." पण तिच्या डोळ्यांत नुसता राग नव्हता. तिला जायचं होतं. ते तिचं तिला कळलं तसा आवाज खाली आला आणि तिने विचारलं, "बाबा जेवतीन का बरोबर?"

"मी आहे ना," मी म्हटलं.

ती गेली त्या दिवशी सर तिला ट्रॅव्हल्सवर पोहोचवून सरळ वाचनालयात आले. सुट्टी टाकली होती तरी आले. म्हणाले, इतक्या मुलांना चिठ्ठ्या लिहून दिल्या, हिच्या चिठ्ठीवर काय लिहावं तेच सुचेना. कोरा कागद तिने घडी करून पर्समध्ये ठेवला. दुपारी त्यांनी डबा उघडला तो टेबलावरच. वाचनालयात खायला बंदी आहे. मी पुस्तकांच्या रॅकमागे गेले आणि तिथेच बराच वेळ काहीतरी शोधत राहिले.

मी सुरुवातीला त्यांच्यासाठी भाजी आणायची. पंधरा दिवस आणली असेल. मग माझ्या मुलाची दहावी, सासूबाईंचं पथ्य, आणि ते राहून गेलं. सरांनी कधी आठवण केली नाही. 'मी आहे ना' हे मी किती सहज म्हटलं होतं, याची आज मला लाज वाटते.

कंपनीने मुलीला पुढे कायम केलं. तिचा फोन आधी रोज यायचा, मग आठवड्यातून दोनदा. तिची काही चूक नाही, पहिली नोकरी माणसाला पुरून उरते. तिने हट्टाने सरांना आठ दिवस पुण्याला बोलावलं. ते चौथ्या दिवशी परत आले. मी विचारलं, कसं आहे पुणं?

"म्या सांगतलं तसंच हाय, मॅडम. स्टेशन बी तिथंच हाय." मग म्हणाले, "माह्ये सात-आठ पोट्टे भेटले. पाया पडले, फोटो काढले. मंग साऱ्याईले काम होतं. पोरगी बी सकाळी जाये ते राती ये. मी खोलीत बसून काय करू?"

फोनवरचा त्यांचा आवाजही नंतर उतरला. आता ते टेबलाशी बसून हळू बोलायचे. वाचनालयात शांतता झाली होती आणि मला ती नकोशी वाटत होती.

गेल्या उन्हाळ्यात कॉलेजने हे सगळं काम नागपूरच्या एका एजन्सीला दिलं. मुलं आता मोबाइलवर माहिती भरतात आणि कंपनीचं उत्तर मोबाइलवरच येतं. सरांची नेमणूक दरवर्षी नव्याने व्हायची, या वर्षी झाली नाही. सर आर्वीला भावाच्या घराच्या मागच्या खोलीत राहायला गेले. आर्वी काही लांब नाही, एसटीने दोन तास. मी अजून गेलेले नाही.

शेवटच्या दिवशी ते टेबल आवरायला आले. खणातून रबर लावलेले व्हिजिटिंग कार्डांचे गठ्ठे निघाले, जिनिंगवाले, दवाखाने, कारखाने, अकरा वर्षांची माणसं. ते त्यांनी एजन्सीच्या मुलापुढे धरले. तो म्हणाला, नको सर, आमच्याकडे सगळा डेटा आहे. सरांनी गठ्ठे पिशवीत भरले, कॉम्प्युटरवरची धूळ रुमालाने पुसली आणि माझ्या टेबलापाशी आले.

"जातो, मॅडम."

मी म्हटलं, "असं म्हणू नये सर. येतो म्हणा."

"येतो म्हनासाठी," ते शांतपणे म्हणाले, "इथं कोनी वाट तं पाहून राह्यलं पाह्यजे."

'येतो' म्हटल्यावर 'या' म्हणायचं असतं, हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. 'जातो' म्हटल्यावर काय म्हणायचं, ते कुणी कधी शिकवलंच नव्हतं. मी वाट पाहीन, एवढं तरी म्हणायला हवं होतं. मी उठून उभी राहिले. पिशवी जड होती, ती दोन्ही हातांनी धरून सर जपून पायऱ्या उतरले.