भिंतीपलीकडचं गरम पाणी

व्हेरोनिकाच्या नाकावर राग असतो, हे मस्कतजवळच्या माबेलातल्या तिच्या बिल्डिंगमध्ये कोणीही सांगेल, फक्त आधी जिन्यात डोकावून बघेल आणि मग हळू आवाजात सांगेल. वसईजवळच्या गासची ही बाई लग्न करून ओमानला आली, मस्कतच्या एका मोठ्या हॉटेलात चादरी-टॉवेलांच्या खात्यात लागली आणि सुपरवायझर झाली. पलंगावरची सुरकुती तिला दारातूनच दिसायची आणि ती ज्याने ठेवली त्याचा उद्धार लिफ्टपर्यंत ऐकू जायचा. घरमालकाला सगळे भाडेकरू ‘अर्बाब, अर्बाब’ करत हात जोडायचे. ही मात्र बंद एसीसाठी त्याच्या दुकानात जाऊन खुर्ची ओढून बसली होती आणि मेकॅनिक आल्याशिवाय उठली नव्हती.

गंमत म्हणजे तिचा स्वतःचा नवराच एसीचा मेकॅनिक. पण मालकाची वस्तू मालकाने दुरुस्त करायची, हे तिचं तत्त्व. ॲलॉयसियस अशा वेळी घरात चहा करत बसायचा. लोकांच्या घरी जाऊन जाऊन त्याची अरबी तिच्यापेक्षा चांगली झाली होती, बरक्यापासून सोहारपर्यंत त्याला ओळखणारी माणसं होती, आणि कोणाशी भांडल्याचं कोणी ऐकलं नव्हतं. भांडायचं खातं घरात एकाच माणसाकडे होतं आणि ते ती एकहाती सांभाळत होती.

गेल्या वर्षी ॲलॉयसियसला अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात आणि पाय गेले, म्हणजे अगदी गेले नाहीत, पण त्याचं ऐकेनासे झाले. जीभ जड झाली. शब्द डोक्यात असायचा, तोंडापर्यंत यायला वेळ लागायचा, आणि वेळ लागणं ही गोष्ट व्हेरोनिकाला मुळात सहन होत नाही. तो ‘मला’ म्हणून थांबला की पुढचं वाक्य ती पुरं करायची. पाणी पाहिजे. उशी पाहिजे. बाथरूमला जायचंय. बहुतेक वेळा बरोबरही निघायचं. डॉक्टर त्याला विचारायचे आणि उत्तर ती द्यायची. चर्चमध्ये फादर त्याचा हात हातात घेऊन विचारायचे आणि उत्तर ती द्यायची. हळूहळू माणसं त्याच्याकडे बघून हसायची आणि प्रश्न तिला विचारायची.

आता त्याचं काम सुटलं होतं, तिनेही राजीनामा दिला होता, आणि येत्या बुधवारच्या विमानाने दोघं कायमची गासला निघणार होती. सामान बांधून झालं होतं. राहिली होती एकच गोष्ट, आणि त्या गोष्टीने व्हेरोनिकाची झोप उडवली होती. मुंबईच्या विमानतळावर ॲलॉयसियसचे तिन्ही भाऊ, वहिन्या, अर्धं गाव गाड्या घेऊन येणार. इतकी वर्षं हा माणूस प्रत्येक सुट्टीत दोन हातांत दोन बॅगा घेऊन त्या दारातून बाहेर आला होता. या वेळी कोणी परका पोरगा त्याला चाकांच्या खुर्चीतून ढकलत आणणार आणि वहिन्या तोंडाला पदर लावणार, हे दृश्य तिला बघायचं नव्हतं. नवरा चालत बाहेर येईल, तिचा हात धरून का होईना, पण चालत, असं तिने ठरवून टाकलं होतं.

त्यासाठी तिला रुस्ताकचं गरम पाणी हवं होतं. तिथल्या झऱ्यात आखडलेले सांधे सुटतात असं हॉटेलातल्या एका ओमानी बाईने तिला सांगितलं होतं. एका दिवसात चमत्कार होत नसतो हे तिला कळत होतं, ती काही वेडी नव्हती. पण पाय थोडा मोकळा झाला, विमानातून दारापर्यंत गेला, तेवढं तिला पुरे होतं.

सोहारला कारखान्यात टेक्निशियन असलेला मुलगा कीथ शुक्रवारी सुट्टीवर आला. त्याने एक दिवसाची सहल शोधून काढली: सकाळी जेबेल शम्सवर बर्फ, दुपारनंतर रुस्ताकचा झरा. डोंगरावर गारांचा पाऊस पडून गेला होता, सावलीतल्या उतारावर गारांचा थर गोठला होता आणि फोनाफोनांवर त्याचे व्हिडिओ फिरत होते. कीथला बर्फ पाहिजे होता, आईला पाणी. दोघांचंही भागेल असा त्याचा हिशेब होता. डॅडींना काय पाहिजे हे कोणी विचारलं नाही, कारण ते सगळ्यांना माहीतच होतं.

गाडी कासमची. कासम बलुची ओमानी, हिंदी आपल्यासारखी फाडफाड बोलणारा, डोंगरातच वाढलेला. गाडीत आणखी एक पुण्याचं नवं जोडपं होतं, देवेश आणि रेवा. दोघांनी अंगात इतके कपडे घातले होते की त्यांना दार लावता येईना. व्हेरोनिकाने पहिल्याच पेट्रोल पंपावर कासमला बजावलं की वर तासभर बस्स, अंधार व्हायच्या आत तिला झऱ्यावर पोचायचंय. कासम इन्शाल्ला म्हणाला. त्या शब्दावर तिचा इतक्या वर्षांत एकदाही विश्वास बसलेला नव्हता.

वर पोचले तेव्हा वारा कान कापत होता. रस्त्याच्या कडेला, कड्याच्या सावलीत, पांढरा-करडा पट्टा खाली उतरत गेला होता. बर्फ कसला, एकमेकांना चिकटलेल्या गारा, मधूनमधून दगड वर आलेले. पण कासमने टपावरून लाल प्लॅस्टिकचे पसरट टब काढले, पुढे दोरी बांधलेले, आणि माणसांना त्यात बसवून उतारावर सोडायला लागला. कीथ सुसाट खाली गेला, शेवटी उलटा पडला आणि हसत सुटला. रेवा किंचाळली, देवेशने तिचा व्हिडिओ काढला, तो नीट आला नाही म्हणून ती परत वर आली आणि परत किंचाळली.

कासम गाडीपाशी आला, खिडकीतून आत वाकला आणि ॲलॉयसियसला म्हणाला, “अंकल, आप भी आ जाओ. मैं पीछे बैठूँगा, पकड़ के.”

“नको,” व्हेरोनिका म्हणाली. “ते नाही बसणार.”

कासमने ॲलॉयसियसकडे पाहिलं. ॲलॉयसियसने तोंड उघडलं. “मला,” तो म्हणाला.

“थंडी वाजतेय, माहितीय मला,” ती म्हणाली, आणि काच वर केली.

तास झाला, वर अर्धा झाला. ती गाडीबाहेर उभी राहून घड्याळ बघत होती आणि तिच्या तळपायाची आग मस्तकाला जात होती. एवढ्याशा चिखलगारांवर ढुंगण घासायला ही शिकलीसवरलेली माणसं इतक्या लांब आली, आणि तिचा नवरा आत कांबळ्यात गुंडाळून पडलाय याची कोणाला पर्वा नाही. रेवाला तिने सरळ सांगितलं की तुमचे फोटो पुण्याच्या लोकांनी आतापर्यंत पुरेसे बघितले असतील. कीथला तिने सगळ्यांसमोर झाडलं. बिचाऱ्या पोराचं तोंड उतरलं, पण खरं सांगायचं तर तो त्यानंतरही दोनदा घसरला.

ती गाडीत येऊन बसली तेव्हा ॲलॉयसियस काचेला कपाळ लावून उताराकडे बघत होता. त्याच्या श्वासाने काच धुरकट झाली होती आणि त्याने डाव्या हाताने काचेवर बघण्यापुरती जागा पुसून घेतली होती.

“मला त्या,” तो म्हणाला.

“त्या गरम पाण्यात जायचंय, हो रे. निघालो आता. या माकडांना आवरू दे.”

त्याने डोळे मिटले. ती समजली, त्याला बरं वाटलं.

खाली उतरायला कासमने डोंगरातली कच्ची वाट धरली, कारण पक्क्या रस्त्याने गेलं तर वळसा फार. प्रत्येक खड्ड्याला ती कासमच्या नावाने ओरडत होती आणि ॲलॉयसियसचा उजवा हात मांडीवर दाबून धरत होती. मध्येच कीथने चूक केली. वसईला गेल्यावर वज्रेश्वरी जवळच आहे, तिथेही गरम पाण्याची कुंडं आहेत, मग आज एवढी मारामारी कशाला, असं तो त्याच्या अडखळत्या मराठीत म्हणाला. मग काय, वादीचं कोरडं पात्र ओलांडून पलीकडची पहिली खजुरीची बाग लागेपर्यंत तिच्या तोंडाचा पट्टा थांबला नाही. वज्रेश्वरी बुधवारनंतर. बुधवारी हा माणूस तुझ्या काकांसमोर चालला पाहिजे. तुला लाज नाही, मला आहे. कीथने कानात गाणी घातली. देवेश आणि रेवा खिडकीबाहेरच्या दगडांकडे मन लावून बघत राहिले.

रुस्ताकला पोचले तेव्हा ऊन पिवळं झालं होतं. झऱ्याच्या पाण्याला गंधकाचा वास होता आणि पाटातून वाफा निघत होत्या. व्हेरोनिकाने टॉवेल, कोरडे कपडे, तेलाची बाटली असं सगळं खांद्यावर घेतलं, नवऱ्याचा दंड धरला आणि कुंडाभोवतीच्या भिंतीतल्या दाराकडे निघाली. दारातून लुंगी गुंडाळलेले दोन म्हातारे बाहेर येत होते. ते तिला बघून जागच्या जागी थांबले.

“आंटी, ये मर्दों का है,” कासम मागून म्हणाला. “औरतों का उधर.”

तिला हे ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं ओमानात काढून ती एकदाही इथे आली नव्हती. तिने मनात सगळं रंगवलं होतं ते असं की ती पाण्याच्या काठावर बसेल, त्याचा पाय स्वतःच्या हातांनी चोळेल. ती कासमशी भांडली, आजारी माणूस आहे, बायको आहे, डोळे मिटून बसते म्हणाली. म्हातारे मान खाली घालून उभे राहिले, पण दारातून हलले नाहीत. त्यांच्या जागी ती असती तर तीही हलली नसती, आणि हे कळत असल्यामुळे तिचा संताप आणखीच वाढला. शेवटी कीथ आणि कासम दोघांनी ॲलॉयसियसला धरलं. उजवीकडून कसं धरायचं, तेल कुठे लावायचं, किती वेळ ठेवायचं, हे ती ते आत दिसेनासे होईपर्यंत सांगत राहिली.

मग ती भिंतीला लागून उभी राहिली. पलीकडे पाण्याचा आवाज होता.

“कीथ, हात धरलायस ना?”

कोणीतरी म्हातारा अरबीत बोलत होता, कुठून आलात, तब्येतीला काय झालं. तिने तोंड उघडलं, सवयीने, आणि समोर भिंत होती.

मग ॲलॉयसियसचा आवाज आला. अरबीत. एक शब्द, मग बराच वेळ पाणी, मग दुसरा शब्द. म्हातारा मध्येमध्ये “शवय शवय” म्हणत होता, सावकाश, घाई नाही. कोणी वाक्य पुरं करत नव्हतं. व्हेरोनिका भिंतीच्या अलीकडून मनातल्या मनात पुरवत होती. डोंगर, म्हणाला तो. डोंगरावर थंडी वाजली, तिने पुरवलं. डोंगरावर बर्फ, तो म्हणाला. मला आवडला नाही, तिने पुरवलं. इतकी वर्षं इथे राहिलो, पहिल्यांदा बर्फ बघितला, तो म्हणाला. ती प्रत्येक वेळी चुकत होती. म्हाताऱ्याने विचारलं, हात लावून बघितला का. पुष्कळ वेळ गेला. नाही, ॲलॉयसियस म्हणाला, घसरायचं होतं मला. आणि मग आणखी काही शब्द, ते तिला समजले नाहीत, पण त्यांत बायको हा शब्द होता आणि त्यावर आतली सगळी माणसं हसली. ॲलॉयसियसही हसला. ते हसू तिने आजारपणानंतर ऐकलंच नव्हतं.

तिचे कान तापले. परक्या माणसांना सांगतो आणि मला सांगत नाही. भिंतीवर हात आपटावा असं तिला वाटलं. त्याच वेळी तिला काचेवर पुसलेली ती जागाही दिसत होती, आणि तिचा राग कोणावर काढायचा हेच तिला कळेना.

ते बाहेर आले. केस ओले, चेहरा लाल. पाय होता तसाच, फरफटत. तिने त्याचं डोकं टॉवेलने पुसलं, गरजेपेक्षा जोरात, आणि गाडीत बसवलं. गाडी हमरस्त्याला लागली. मग तिला राहवलं नाही.

“घसरायचं होतं तर सांगायचं होतंस. तोंड नव्हतं तुला?”

शब्द तोंडातून गेला. कीथने कानातली गाणी काढली. कासमने रेडिओ बंद केला.

“मला,” ॲलॉयसियस म्हणाला.

भूक लागलीय, तिच्या जिभेवर आलं. तिने ओठ मिटले. तिला ते जमत नव्हतं, तिने खालचा ओठ दातांत धरला. गाडी एक गोलचक्कर फिरून पुढे गेली.

“तुझा राग येतो,” तो म्हणाला. “खूप.”

तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याचाही तिला राग आला.

“आणखी काय?” तिने विचारलं. आणि थांबली. पुढच्या सीटवरून रेवाने मागे वळून बघितलं, तरी ती थांबली.

“बुधवारी,” तो म्हणाला. त्याचा डावा हात हवेत काहीतरी शोधत होता. ती तो हात धरणार होती, पण तिने स्वतःचे दोन्ही हात मांडीखाली घातले. “बुधवारी मला खुर्ची पाहिजे. मी दमतो.”

तीन भाऊ, त्यांच्या बायका, पदर, अर्धं गाव, सगळं तिच्या डोळ्यांसमोर उभं राहिलं. तिने श्वास घेतला, सोडला, आणि परत घेतला.

“घेऊ,” ती म्हणाली. “मी ढकलेन. दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही.”

“कीथ,” ॲलॉयसियस म्हणाला. “कीथ ढकलेल.”

कीथ सुट्टी काढून मुंबईपर्यंत येणार होता हे तिला त्या क्षणापर्यंत कोणी सांगितलं नव्हतं.