सिस्टरचा पगार, डॉक्टरचं मानधन

दवाखान्यात झाडू मारणाऱ्या बाईसमोर माणसं भिंतीसमोर बोलल्यागत बोलतात. मग किस्से साठत जातात. फरशीवरचा केर म्या काढते, डोक्यातला कोण काढणार? म्हणून सांगून टाकते.

*

आमच्या तालुक्याच्या दवाखान्यात मीना सिस्टर डायलिसिसवर. त्याचं वेगळं ट्रेनिंग केलेल्या, नोकरी पर्मनंट. विकास डॉक्टर ओपीडीत. तापापासून विंचवापर्यंत सगळं बघणारे, पण कंत्राटी. त्यांना मिळतं ते 'मानधन', आणि ते सिस्टरच्या पगारापेक्षा कमी!

म्या विचारलं, "डॉक्टर, मानधन म्हंजे काय हो?"

"मान असतो मावशी, धन नसतं."

सिस्टर आतून म्हणाल्या, "मग अदलाबदल करू! मला धन हाय, पण पेशंट 'ए बाई' म्हणून हाक मारतंय."

माझ्या पैशाला तर नावच न्हाय. ठेकेदाराच्या मनात येईल तवा येतात.

*

एकदा लोहाऱ्याकडचे पाव्हणे आले. डॉक्टरांना मुलगी द्यायची होती. मलाच गाठलं.

"डॉक्टर पर्मनंट हायत का?"

"माणूस पर्मनंट हाय," म्या म्हणलं, "ऑर्डर न्हाय!"

पाव्हणे आल्या जीपनं परत गेले. खोटं बोलायला मला जमत न्हाय. पण त्या दिवशी डॉक्टरांनी डबा उघडला न्हाय, ते मात्र लागलं मनाला. एवढी रांग तपासणाऱ्या माणसाला कुणी एका कागदावरनं नापास करावं?

*

सिस्टरला बघायला आलेल्यांची तऱ्हा उलटी. पगार ऐकून मुलाच्या आईचा चेहरा खुलला. मग म्हणाली, "पण नर्स म्हणून कसं सांगायचं चारचौघांत? 'दवाखान्यात हाय' एवढंच सांगू."

सिस्टर म्हणाल्या, "सांगा की. लोक विचारतील, कितव्या खाटेवर?"

ते स्थळ तिथंच संपलं!

*

एका दुपारी डॉक्टर डायलिसिसच्या खोलीत येऊन बसले. म्या फरशी पुसत होते.

"खरं सांगू? तुम्हाला जास्त मिळतं, याचा कधी कधी राग येतो."

मला वाटलं, आता पेटलं. पण सिस्टर मशीनवरची नजर न काढता म्हणाल्या, "यायलाच पाहिजे. फक्त माझ्यावर काढू नका. मला माझ्या कामाचं मिळतंय, तुम्हाला तुमच्या कामाचं मिळत न्हाय. चूक माझ्या पगारात हाय का?"

मग सिस्टरनी आपला डबा डॉक्टरांकडं सरकवला. तवापासून दोघांचा डबा एकच झाला.

*

शेवटी डॉक्टर आईला घेऊन येरमाळ्याला सिस्टरच्या घरी गेले. मलाही नेलं. ईट गावाहून आलेल्या आई, डॉक्टरची आई म्हणून ताठ बसलेल्या. पोहे झाले, चहा झाला. सिस्टर रिकामा ट्रे घेऊन उभ्या.

आई म्हणाल्या, "पोरगी पसंत हाय. पण दोघांच्या ड्युट्या म्हणल्यावर घर कोण बघणार? लग्नानंतर एकाला नोकरी सोडावी लागंल."

सिस्टर शांतपणे म्हणाल्या, "चालंल की, आत्याबाई. कुणी सोडायची?"

आईनं लेकाकडं बघितलं.

डॉक्टर उठले, सिस्टरच्या हातातला ट्रे घेतला, आणि एकेक कपबशी उचलायला लागले.