नळवालं मशीन

जळायचे मी तिच्यावर. उगाच आडपडदा कशाला ठेवू? माझी धाकटी जाऊ वरच्या मजल्यावर राहायची, मी खालच्या, आणि माझी पोरगी रोज संध्याकाळी पुस्तकं छातीशी धरून जिना चढून वर जायची ती जेवायलाच खाली यायची. तेही मी जिन्याखाली उभी राहून घसा फोडल्यावर.

पोरगी बारावीला होती. सायन्स घेतलेली आमच्या घरातली ती पहिलीच. मी शेलार गावची, दहावी करून लग्न झालेली. जाऊ दादरची, बँकेत नोकरीला, साडीला कधी सुरकुती न पडणारी. तिला मूलबाळ नव्हतं. हे मी चुगली म्हणून सांगत नाही, पण ते माहीत असल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. शिक्षण तिच्याकडे, पगार तिच्याकडे, मोजकं बोलून समोरच्याला गप्प करणं तिच्याकडे. माझ्याकडे काय, तर ही एक पोर. आणि तीसुद्धा वरच बसायची.

“खाली अभ्यासाला काय धाड भरलीय?” मी एकदा विचारलंच.

“खाली लूमचा आवाज येतो.”

आता बोला! घरामागे नवऱ्याची यंत्रमागाची शेड, त्यात लूम दिवसरात्र खटखट करायचे. ती खटखट वर काय कमी येत होती? मी तसं म्हटलं, तर तिनं खांदे उडवले. “काकीकडे कॉफीचं मशीन आहे ना. कॉफी प्यायली की झोप येत नाही.”

हे मशीन मला चांगलंच ठाऊक होतं. जावेच्या बँकेतल्या मैत्रिणीनं परदेशातून आणून दिलेलं. काळं, बुटकं, खाली काचेचं भांडं. वर कागदाच्या द्रोणात कॉफीची पूड घालायची, मागे पाणी भरायचं, आणि मग ती कॉफी थेंब थेंब गळत बसायची. जाऊ ती बिनदुधाची, बिनसाखरेची प्यायची. काढा परवडला. पण वास काय सुटायचा! जिन्यावरून उतरून माझ्या फोडणीच्या वर चढून बसायचा. त्या वासानं माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

म्हटलं, कॉफीच हवी ना? मग घरात कॉफी येईल. आणि तिच्यापेक्षा सरस येईल.

बाजारात गल्फचा माल विकणारे एक चाचा होते. कोकणी मुसलमान, माझ्या सासऱ्यांच्या वेळेपासूनची ओळख, मराठी आमच्यासारखंच बोलायचे. मी दुकानात शिरले आणि म्हटलं, “चाचा, कॉफीचं मशीन दाखवा. थेंबवालं. माझ्या जावेकडे आहे तसं. म्हणजे तसं नको, त्याच्यापेक्षा चांगलं.”

चाचा मिशीत हसले. त्यांनी काउंटरवर तीन मशीनं मांडली.

पहिलं हुबेहूब जावेचं. ते मी हातही न लावता बाजूला सारलं. दुसऱ्याला काचेच्या भांड्याऐवजी स्टीलचा थर्मास होता. चाचांचं मन त्याच्यावरच होतं. म्हणाले, “वहिनी, हे घ्या. एकदा कॉफी केली की लाइट असो-नसो, आत गरमागरम राहते. आपल्या भिवंडीला हेच बरं.”

पण माझी नजर तिसऱ्यावर खिळली होती. तेवढं दांडगं मशीन मी कधी पाहिलं नव्हतं. डाव्या बाजूला कॉफी आणि उजव्या बाजूला चक्क नळ. त्याची पाण्याची टाकी वेगळी. दांडी दाबली की गरम पाणी, कॉफी करा नाहीतर करू नका.

“ह्याला कागद लागतो का?”

“न्हाय न्हाय, जाळी हाय. धुवायची नि परत लावायची.”

बास. कागद संपला म्हणून जावेच्या दारात जायचा प्रश्नच मिटला. तरी मी सगळं नीट विचारून घेतलं, पैसे देणार होते ना. किती कप होतात, भांडं फुटलं तर मिळतं का, नळाची दांडी गळते का. चाचांनी पाणी भरून, चालू करून दाखवलं. नळातून वाफाळतं पाणी स्टीलच्या पेल्यात पडलं आणि माझा जीव गार झाला. पोरीच्या गुळण्यांना पाणी, नवऱ्याच्या लिंबू-मधाला पाणी, सूपला पाणी. जावेच्या मशीनला आहे नळ?

“गरम पानी चोवीस तास,” चाचा म्हणाले. मग स्वतःच हसले. “म्हणजे लाइट असेल तेवढे तास.”

मीही हसले. ते भारनियमनाचे दिवस होते, रोज काही तास लाइट जायचीच, लूमवाले शिव्या घालत शेडबाहेर बसायचे. पण त्या घटकेला मला लाइट आठवत नव्हती. मला जावेचा चेहरा दिसत होता. थर्मासवालं परत ठेवा म्हटलं आणि नळवालं बांधायला सांगितलं. प्लग चौकोनी पिनांचा होता, त्याला चाचांनी कन्व्हर्टर दिला.

घरी आणलं तर पहिल्याच दिवशी नवऱ्यानं दिवे लावले. मी अंघोळीला गेले होते. बाहेर येते तो जळक्या दुधाचा भपकारा.

“काय केलंत?”

“अगो, नुस्त्या पान्याची कॉफी कोन पितो? दूध घातला मागं, दोनी टाक्यांत.”

नळाची दांडी दाबली तर नळातून दूध! जाळीतून दूध, मागून दूध, मशीन नुसतं फुरफुरत होतं. लिंबाचं पाणी घालून घालून मी ते धुतलं, आणि नवऱ्याला मशीनच्या आसपास फिरकायची बंदी केली.

पोरीनं मात्र कौतुक केलं. “आई! नळ पण?” दांडी दाबून पाहिली, लहान असल्यासारखी टाळी वाजवली. मी कॉफी करून दिली, दूध वेगळं गरम करून, साखर तिच्या मापाची. ती दोन संध्याकाळी खाली बसली. मी गावभर उड्या मारायच्या तेवढ्या बाकी होत्या. तिसऱ्या दिवशी पुस्तकं छातीशी आणि चालली वर.

“आता काय?”

“केमिस्ट्रीचं विचारायचंय काकीला.”

तिचा कप ओट्यावर तसाच, अर्धा भरलेला. मी पूड बदलली, पूड कमी केली, पूड वाढवली. कप अर्धाच राहायचा.

त्यात जाऊ मशीन बघायला खाली आली. चहूबाजूंनी फिरून म्हणाली, “ताई, किती छान आहे हो! माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं घेतलंत.” आणि हे ती मनापासून म्हणाली. तोच तर तिचा छळ होता. जरा नाक मुरडलं असतं तर मी सुखानं झोपले असते.

मग तो रविवार आला. जावेला सुट्टी, माझा नवरा कुणाच्या तरी लग्नाला गेलेला. पोरगी जेवून वर. दुपारी लाइट गेली. लाइट गेली की आमच्याकडे एक गोष्ट व्हायची. शेडमधले लूम एकदम थांबायचे, पंखे थांबायचे, आणि एरवी कधी न ऐकू येणारं सगळं कानावर पडायचं. शेजारच्यांचं भांडण, कोंबडीची कॉक-कॉक. त्या दिवशी वरून हसणं आलं. माझी पोर हसत होती. खळखळून, पोट धरून. तसं ती माझ्याकडे कधी हसली होती ते मला आठवेना.

आणि पोटात असं दुखलं म्हणून सांगू!

मी ओट्याजवळ उभी राहून विचार केला. लाइट नाही, म्हणजे तिचं मशीनही मेलेलं. पण माझ्या नळाच्या टाकीत अजून गरम पाणी आहे. आता कळू दे कोणाचं मशीन कामाचं. मी थर्मास काढला, नळ दाबून पाणी भरलं, तयार कॉफीच्या पुडीची बाटली घेतली आणि जिना चढले. तोंडावर म्हणायचं वाक्यही ठरलेलं होतं. ‘तुमची कॉफी राहिली असेल, म्हटलं मी आणून द्यावी.’

दार उघडंच होतं. मी आत पाऊल टाकलं.

गवती चहाचा वास येत होता.

पोरगी गॅसपाशी उभी होती, चिमट्यात टोप धरून चहा गाळत होती. जाऊ खुर्चीवर मांडी घालून, केस मोकळे सोडून, केमिस्ट्रीच्या पुस्तकानं वारा घेत बसलेली. गॅलरीत कुंडीत गवती चहाचा हा मोठा झुपका. कपात गुळाचा खडा टाकायचा आणि वरून चहा ओतायचा, तसं पोरगी करत होती. हे असं करतात ते तिला कोणी शिकवलं? मी. मला माझ्या आईनं. पूर्णा गावातल्या जुन्या घरात होतो तेव्हा मी रोज हा कोरा चहा करायचे आणि ही ओट्यावर पाय हलवत बसून पाव बुडवून खायची.

“आई! ये ना. लाइट गेली की मशीन बंद पडतं, म्हणून मीच एकदा हा चहा केला. काकीला एवढा आवडला की आता लाइट असली तरी हाच करतो.”

“आणि कॉफी?”

“कॉफी काकी पिते. मला नाही आवडत गं. कडू लागते.”

“मग मशीन आहे म्हणून वर येते म्हणालीस ते?”

तिनं गाळणी टोपावर झटकली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, “मी तुझ्याकडे मागितला होता कोरा. नव्या घरात आलो तेव्हा. तू म्हणालीस, आता काय आपण भिकारी आहोत का कोरा प्यायला?”

म्हटलं होतं मी. जमिनी गोडाऊनवाल्यांना दिल्या, इकडे टेमघरला हे घर बांधलं, व्यापारी यायला लागले, सोनेरी कडांचे कप आले, आणि कोरा चहा मी माळ्यावर टाकल्यासारखा टाकून दिला. माझ्या ते लक्षातही नव्हतं. तिच्या होतं.

“ताई, बसा ना,” जाऊ म्हणाली. खुर्ची पुसून दिली, कप पुढे केला. “ही रोज म्हणते, आईच्या हातच्यासारखा होत नाही.”

मी एक घोट घेतला. वाटलं होतं, पाणचट असेल. आलं ठेचायच्या जागी किसलं असेल, पातं जास्त उकळलं असेल. काही म्हणजे काही चूक नव्हती. चांगला झाला होता. माझा चहा, माझ्या पोरीच्या हातचा, आणि तो प्यायला मी पाहुणी म्हणून जावेच्या घरात बसले होते. रडू आलं मला, म्हणून मी चहा फार गरम आहे असं म्हटलं.

पंप बंद म्हणून नळाला पाणी नव्हतं. जावेनं माझा थर्मास पाहिला. “गरम पाणी आणलंत? बरं झालं!” आणि माझ्या मशीनच्या त्या नळाच्या पाण्यानं तिनं उष्टे कप विसळले.

दुसऱ्या दिवशी पोरगी कॉलेजला गेल्यावर मी गुपचूप जावेच्या कुंडीतली चार पाती तोडली. आधी मशीनच्या नळाचं पाणी त्यावर सोडून बघितलं, अजून खुमखुमी गेली नव्हती ना. पिवळट, वासही धड नाही. त्या नळाचं पाणी गरम असतं, उकळत नाही, आणि कोऱ्याला खळखळा उकळावं लागतं. ओतून दिलं. संध्याकाळी टोप गॅसवर चढवला, आलं ठेचलं, पाती गाठ मारून टाकली.

पोरगी पुस्तकं घेऊन निघाली होती. जिन्याच्या पहिल्या पायरीवर पावलं थांबली. मी मान वर केली नाही. ती स्वयंपाकघरात आली, मशीन ढकलून भिंतीला लावलं आणि मोकळ्या झालेल्या जागेत ओट्यावर चढून बसली. एवढी घोडी झाली तरी पाय हलवत. आम्ही चहा प्यायलो. लूमच्या आवाजात ती मोठ्यानं बोलत होती, कॉलेजचं, मैत्रिणींचं, काय काय.

मग म्हणाली, “काकीला नेऊ एक कप?”

“ने की.”

मी तिसरा कप घेतला. आमच्या दोघींच्या कपांत गुळाचा खडा मनासारखा घातला होता. जावेच्या कपात टाकताना माझा हात आवरला. खडा मोडला आणि बारकासा तुकडा तेवढा टाकला. पिऊ दे बेचव. हो, मुद्दाम.

पोरगी रिकामा कप घेऊन नाचत खाली आली. “आई, काकी म्हणते, आज पहिल्यांदा बरोबर झाला! माझ्या हातचा तिला फार गोड व्हायचा, बिचारी बोलत नव्हती. तुला कसं कळलं तिला गूळ कमी लागतो?”

“कळतं,” मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

दुसऱ्या संध्याकाळी जाऊ बँकेतून आली ती वर गेलीच नाही. पर्स खांद्यावर तशीच ठेवून माझ्या स्वयंपाकघरात खुर्ची ओढून बसली. पोरगी ओट्यावर, ती खुर्चीवर, आणि मी उभी, टोप धरून. तिच्या कपात मी पुन्हा तेवढाच गूळ घातला. आता मुद्दाम की काय, ते माझं मला ठरवता येईना.