ताईच्या दोन बादल्या

गल्लीत त्याला सगळे ‘ओला-सुका’ म्हणतात. वीस वर्षं कचरागाडीमागे चालताना तो दारोदार हेच दोन शब्द ओरडत आला आणि लोकांनी त्याचं तेच नाव पाडलं. झाकण उघडलं की घर कळतं, असं तो म्हणतो. कुणाकडे पाहुणे आलेत, कुणाचं बाळ बाटलीवरून वाटीवर आलं, कुठल्या घरात दोघं आहेत पण जेवण वेगवेगळं मागवतात.

शेवटून तिसरं घर त्याच्या थोरल्या बहिणीचं. मुकादमाच्या मागे लागून त्याने ही गल्ली मागून घेतली होती. नऊ वर्षं तो तिचा कचरा उचलतोय, आणि नऊ वर्षांत तिने त्याला दार उघडलेलं नाही.

झालं होतं ते असं. आई गेल्यावर तिची भाड्याची खोली घरमालकाला परत द्यायची होती. ताई दुसऱ्या दिवशी येणार होती. तिला त्रास नको म्हणून याने सकाळीच हात घातला आणि सवयीने दुपारपर्यंत खोली लख्ख केली. कापड एकीकडे, कागद एकीकडे, काच वेगळी. आईची विटलेली शाल, बिस्किटांच्या डब्यातली पत्रं, ताईच्या शाळेच्या वह्या, सगळं नीट निवडून गाडीत गेलं. ताई आली तेव्हा फरशी अजून ओली होती. रिकाम्या कोनाड्यासमोर ती बराच वेळ उभी राहिली. मग म्हणाली, “तुला सगळा कचराच दिसतो रे.” त्यानंतर एक शब्द नाही.

भाऊ म्हणून तो दोनदा गेला होता. दोन्ही वेळा आतला पंखा बंद झाला आणि दार तसंच राहिलं. कामावर असताना बेल वाजवायची मुभा एकाच कारणासाठी होती: कचरा मिसळलेला असला, तर माणसाला बोलावून दाखवायचा आणि लाल चिठ्ठीवर सही घ्यायची.

“मग फाड की एखादी,” ड्रायव्हर म्हणायचा.

“चूक सापडली तर ना.”

“एवढ्या गल्लीत एकच बाई शिस्तीची, आणि ती नेमकी तुझी बहीण. काय नशीब काढलंयस.”

हिरव्या बादलीत फक्त ओलं. निळीत दुधाच्या पिशव्या धुऊन, वाळवून, घडी घालून. दाढीची ब्लेडं कागदात गुंडाळलेली असत; दाजी गेले तशी ती बंद झाली. चहाचा चोथा निम्म्यावर आला. यंदा गोळ्यांची रिकामी पाकिटं वाढली होती. त्यांवरची नावं त्याला वाचता येत, पण आजार कुठला ते कळत नसे. विचारणार कुणाला?

एका बुधवारी निळ्या बादलीत दवाखान्याचा मनगटावरचा प्लास्टिकचा पट्टा निघाला, कात्रीने कापलेला. वर ताईचं नाव, वय, एक लांबलचक आकडा. त्याने लाल चिठ्ठी फाडली आणि बेल दाबली.

“काय आहे?” आतून आवाज आला.

“कचऱ्याचं.”

दार उघडलं. ती किती बारीक झाली होती. चिठ्ठी बघून ती बाहेर आली, चौकटीला धरत खाली बसली आणि तिने दोन्ही झाकणं काढली. तोही समोर उकिडवा बसला.

“काय मिसळलंय यात?”

“काही नाही.”

“मग चिठ्ठी कसली?”

“पट्टा दिसला. दवाखान्याचा.”

“तो सुक्यातच टाकलाय मी.”

“बरोबर टाकलायस.”

पुढे ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. गल्ली एकदम मोठी वाटली.

“खोटी चिठ्ठी फाडली तर तुझ्यावर शेकेल ना?” तिने विचारलं.

“शेकेल बहुतेक.”

तिने निळ्या बादलीतून घडी घातलेली एक पिशवी उचलली. क्षणभर हातात धरली. मग ती हिरव्या बादलीत टाकून चहाच्या चोथ्यात बोटाने खाली दाबली. त्याच्या खिशातलं पेन काढून घेतलं आणि सही केली.

“घे. आता खरी झाली.”

“ताई, मिसळलेला उचलता येत नाही आम्हाला.”

“मग राहू दे.”

“वास येईल.”

“येऊ दे.” ती त्याच्या खांद्याचा आधार घेत उठली. हात लगेच काढला नाही. “मग पुढे काय करता तुम्ही लोक?”

“दुसऱ्या दिवशी पुन्हा येऊन तपासावं लागतं.”

“ये मग,” ती म्हणाली आणि आत गेली.