शुभदाने रंगवलेला नकाशा

शुभदा गेल्याचं मला तिच्या नवऱ्याने, नितीनने, फोनवर सांगितलं. मेंदूत रक्तस्राव झाला होता. "सकाळी चहा घेतला गं आम्ही..." एवढंच तो बोलला. त्याला आता दीड महिना झाला.

आमची ओळख इंग्लंडमधल्या लेस्टरच्या मराठी मंडळातली. मी अकाउंट्समध्ये, ती कौन्सिलच्या, म्हणजे तिथल्या महापालिकेच्या, पब्लिक हेल्थ विभागात. शहराच्या कुठल्या भागात हजारी किती लोक एचआयव्हीसह जगतात, याचा नकाशा ती रंगवायची. प्रमाण जास्त, तिथला रंग गडद. आमचा भाग गडद होता. तिचं म्हणणं सरळ होतं : अशा भागातल्या हॉस्पिटलमध्ये रक्त काढतातच, तर त्यातच ही तपासणीही व्हावी, नको असेल त्याने नको म्हणावं. कारण आजार उशिरा कळणाऱ्यांत असे बरेच होते, ज्यांच्याबद्दल डॉक्टरांना शंकाच आली नव्हती.

एका मीटिंगमध्ये एक वरिष्ठ डॉक्टर म्हणाले, "पेशंटना अपमान वाटेल." ती म्हणाली, "निवडक लोकांना विचारलंत तर वाटेलच. सरसकट विचारा." मंडळात विषय निघाला, तर आमचे एक ज्येष्ठ काका म्हणाले, "अगं, आपल्या लोकांत कुठे असतं हे?" शुभदा शांतपणे म्हणाली, "काका, तुम्हीही त्याच गडद पोस्टकोडमध्ये राहता." काका महिनाभर तिच्याशी बोलले नाहीत. पुढे दोनेक वर्षांनी आमच्या भागातल्या हॉस्पिटलमध्ये ही तपासणी सुरू झाली.

त्यानंतरच्या हिवाळ्यात मी न्यूमोनियाने ॲडमिट झाले. त्याआधी वर्षभर वजन उतरत होतं, ताप येत-जात होता. जीपी, म्हणजे आमचे नेहमीचे डॉक्टर, म्हणायचे, स्ट्रेस असेल. पन्नाशी उलटलेली, नवरा जाऊन सहा वर्षं झालेली बाई... माझ्याबाबत दुसरं काही कुणाच्या मनात आलं नाही, माझ्याही नाही. हॉस्पिटलने मात्र सगळ्यांसारखं माझंही रक्त तपासलं. रिपोर्ट पॉझिटिव्ह आला.

मी फक्त शुभदाला सांगितलं. ती वॉर्डात आली, माझा अर्धा राहिलेला चहा उचलून प्यायली आणि म्हणाली, "साखर विसरलेत हे लोक." मग रडली. मी नाही रडले. "मी नकाशाच बघत बसले गं," ती म्हणाली, "समोरची तू दिसली नाहीस." आता रोज एक गोळी घेते, कामावर जाते. माझं नाव तिने कुठेही घेतलं नाही. ते सांगायचं की नाही, हे माझं मी ठरवायचं होतं. आज सांगते आहे.

गेल्या आठवड्यात शेजारणीचा हात मोडला, म्हणून तिला घेऊन त्याच हॉस्पिटलच्या ए अँड ईमध्ये, तातडीच्या विभागात, गेले. शेजारच्या खुर्चीवरच्या गुजराती आजोबांनी भिंतीवरचा, 'इथे रक्त काढलं की एचआयव्हीचीही तपासणी होते' असा कागद वाचला आणि नर्सला विचारलं, "मलासुद्धा?" ती म्हणाली, "हो, नको असेल तर सांगा." शुभदाचं नाव त्या खोलीत कुठेच नाही. आजोबांनी जरा विचार केला, आणि स्वेटरची बाही वर सरकवली.