आरसेवाल्या बाईंची लाट

प्रयोगशाळेत त्यांना सगळे आरसेवाल्या बाई म्हणत. घड्याळजीची लेक, लहानपणापासून डोळ्याला भिंग लावून दातेरी चाकं न्याहाळलेली. तळघरातल्या लांबलचक टेबलावरचे सत्तेचाळीस आरसे त्यांनीच बसवले होते. लेसरचा एक झोत स्फटिकाला डिवचायचा. दुसरा किंचित मागून जाऊन तो कसा दचकला ते बघून यायचा. या दुसऱ्याला उशीर किती, ते एका सरकत्या आरशावर ठरे. तो सरकवणारा स्क्रूही बाईंच्याच हातचा.

आता इलेक्ट्रॉन म्हणजे बाजारातली गर्दी, जो तो आपल्या वाटेनं. पण या नखाएवढ्या काळ्या स्फटिकात, कडक गारव्यात, ते सगळे मिळून एका तालात डोलतात, असा बाईंचा तर्क. आणि त्या सकाळी पडद्यावरच्या रेघेत त्या तालाची लाट उमटली. बारीक, पण अगदी स्पष्ट.

विभागप्रमुख सरांनी चष्मा कपाळावर चढवला.

"बाई, हे तुमच्या स्क्रूचे आटे. ते फिरतात तशी रेघ हलते. पुसा आणि सरळ करून पाठवा."

"नाही पुसणार."

"अहो, दुपारपर्यंत शोधनिबंध मासिकाकडे पाठवायचाय."

"मग दुपारपर्यंत भांडू."

"वडिलांवर गेलात अगदी."

"ते तर गिऱ्हाइकाशी भांडल्याशिवाय घड्याळ उघडतच नसत. सर, स्क्रूला काय ठाऊक स्फटिक गार आहे की गरम? गरम करून बघते. लाट तशीच राहिली तर खोट माझी, भर बैठकीत कबूल करीन. पण बघितलेलं पुसायचं नाही."

सर हाताची घडी घालून उभे राहिले. बाईंनी तापमान चढवायला घेतलं. बोलून तर बसल्या होत्या. पण लाट राहिली, तर इतक्या वर्षांच्या हातावर कोण विश्वास ठेवणार?

दहा अंश चढले. वीस. लाट जशीच्या तशी. सर खाकरले. बाईंनी तापमान आणखी चढवलं. तिसाला लाट लंगडली, चाळिसाला रेघ सपाट. आरसा मात्र तसाच सरकत होता, तोच स्क्रू, तेच आटे.

पुन्हा गार केलं. लाट परत आली.

"योगायोग असेल," सर म्हणाले, पण आवाज खाली आला होता.

बाई खुर्चीवरून उठल्या आणि खुर्ची त्यांच्याकडे सरकवली.

"बसा. आता गरम तुम्ही करा, गारही तुम्हीच करा. मी भिंतीपाशी उभी राहते. माझ्या हाताला नावं ठेवायला जागा नको."

सर बसले. लाट गेली. लाट आली. मग दुपारी तो शोधनिबंध त्यांनी लाटेसकट पाठवला.